प्रभातच्या फाटकातून आत

अकोले तालुक्यातील राजूर हे आमचे गाव. भंडारदऱ्याला जाणारे पर्यटक इथे चहापुरते थांबतात. डांगी जनावरांच्या प्रदर्शनामुळे गावाचे नाव जिल्ह्यात सर्वांना ठाऊक आहे. अशा गावातील बौद्धवाड्यातला मुलगा चित्रपटाचे शिक्षण घेतो म्हणाला, तेव्हा घरात वादळ उठले.

वडील म्हणाले, "सिनेमानं चूल पेटती का? आय.टी.आय. कर." आई काही बोलली नाही. सरांच्या ओळखीने पुण्याची संस्था पाहण्याची परवानगी मिळाली, तेव्हा तिने भाकरी बांधल्या आणि स्वतःच माझ्याबरोबर निघाली.

एस.टी. अकोले, संगमनेर करीत नारायणगावला आली. इथे तमाशाच्या फडांच्या सुपाऱ्या ठरतात. आई म्हणाली, "तुझे आजोबा जलशात ढोलकी वाजवायचे. गावोगाव बाबासाहेबांचा निरोप पोचवायचे." हे मला कोणी कधी सांगितले नव्हते.

लॉ कॉलेज रस्त्यावरील त्या फाटकाशी पोचलो तेव्हा पाऊल अडखळले. इथे एके काळी प्रभात फिल्म कंपनी होती. १९२९ साली कोल्हापुरात निघालेली ही कंपनी १९३३ साली पुण्यात आली. 'संत तुकाराम' १९३६ साली इथलाच. कंपनी बंद पडली आणि १९६० साली याच जागेवर भारत सरकारने चित्रपट शिक्षणाची संस्था सुरू केली. आज तिला फिल्म अँड टेलिव्हिजन इन्स्टिट्यूट ऑफ इंडिया म्हणतात.

प्रभातने बांधलेला मोठा स्टुडिओ आजही वापरात आहे. आत गेल्यावर बाहेरचा आवाज तुटला. आई कुजबुजली, "विहारासारखं शांत वाटतंय." आवारात 'विजडम ट्री' नावाचे झाड आहे. त्याखाली बसून विद्यार्थी चर्चा करतात. अर्थ सांगितला, तेव्हा आईला बोधिवृक्ष आठवला.

त्या झाडाखाली बसलो असता एक विचार मनात आला. याच प्रभातने १९३५ साली एकनाथांवर 'धर्मात्मा' काढला. त्यात अस्पृश्यतेचा निषेध होता, हेतू चांगलाच होता. पण त्यात आपला माणूस संताच्या दयेची वाट पाहणारा होता. कॅमेरा दुसऱ्यांच्या हाती होता.

पुढे आपल्याच जिल्ह्यात, अहमदनगरच्या महाविद्यालयात संज्ञापन शिकताना नागराज मंजुळे यांनी 'पिस्तुल्या' हा लघुपट केला. त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २०१३ साली त्यांचा 'फँड्री' आला. त्यात डुक्कर खांद्यावर घेऊन जाणारे कुटुंब शाळेच्या भिंतीवरील बाबासाहेबांच्या चित्रासमोरून जाते. एक शब्दही न बोलता ते दृश्य सगळे सांगते. कॅमेरा कुठे उभा करायचा, हे ज्याने भोगले त्याने ठरवले, म्हणून ते दृश्य झाले.

वाचकहो, ही संस्था सरकारी आहे. प्रवेश परीक्षेने मिळतो आणि अनुसूचित जातींसाठी १५ टक्के, अनुसूचित जमातींसाठी साडेसात टक्के जागा राखीव असतात. ही कोणाची मेहेरबानी नव्हे, घटनेने दिलेला हक्क आहे. मात्र परीक्षेला बसल्याशिवाय राखीव जागाही आपली होत नाही. त्यासाठी वाचन हवे, चित्रपट डोळसपणे पाहायला हवेत, आणि आपल्या वस्तीतील माणसांच्या गोष्टी वहीत टिपून ठेवायला हव्यात.

रात्री उशिरा राजूरला उतरलो. वडील स्टँडवर उभे होते. आईच म्हणाली, "अहो, तुमच्या वडिलांची ढोलकी होती ना, तसंच आहे ते. नुसतं यंत्र बदललंय."

वडील काही बोलले नाहीत. घरी आल्यावर त्यांनी माळ्यावरून जुनी ढोलकी काढली, फडक्याने पुसली आणि माझ्यासमोर ठेवली. म्हणाले, "परीक्षेचा फॉर्म कधी निघतो?"

माझ्या वहीचे पहिले पान त्या रात्री आजोबांवर लिहिले.

जय भीम!