सरकार नाही म्हणतंय!

प्रभू रामचंद्रांना चौदा वर्षांचा वनवास झाला. भारत सरकारनं १९६८ साली 'सार्वजनिक भविष्य निर्वाह निधी' काढला तेव्हा त्यात आणखी एका वर्षाची भर घालून आम्हां मध्यमवर्गीयांना पंधरा वर्षं दिली. तीही खातं उघडल्या दिवसापासून नव्हे. ज्या आर्थिक वर्षात खातं उघडलं ते वर्ष संपल्यावर मोजायला सुरुवात. म्हणजे एप्रिलात खातं उघडणाऱ्याला जवळजवळ सोळाच! शिवाय रामाबरोबर निदान सीता आणि लक्ष्मण होते. इथं जोडीनं जायची सोय नाही. पीपीएफचं खातं एकट्याचंच. नवराबायकोचं संयुक्त खातं चालत नाही. अग्नीच्या साक्षीनं सात पावलं बरोबर चाललेल्या जोडप्यालासुद्धा सरकार इथं सांगतं, "एकेकानं या."

या खात्याचा स्वभाव जुन्या शाळेतल्या हेडमास्तरांसारखा आहे. वर्षाला निदान पाचशे रुपये भरलेच पाहिजेत. नाही भरले तर खातं बंद पडतं, आणि ते पुन्हा सुरू करायचं म्हणजे चुकलेल्या दर वर्षाचे पाचशे आणि वर पन्नास रुपये दंड. भरायची ती रक्कम पन्नासच्या पटीत. बरं, फार हुशारी करून जास्त भरावेत तर तेही नाही. २०१४ सालापासून वर्षाची कमाल मर्यादा दीड लाखाची. वरचे पैसे बिनव्याजी परत! गणपतीच्या वर्गणीपासून शाळेच्या देणगीपर्यंत जन्मभर "थोडं वाढवा की साहेब" ऐकत आलेल्या माणसाला "पुरे, आता घरी जा" असं सांगणारं हे जगातलं एकमेव ठिकाण असावं.

आता मर्यादा म्हटली की आपल्या लोकांना पळवाट आठवते. टपाल कचेरीत एक खातं आहे ना, मग बँकेत दुसरं उघडू! तर तसं नाही. टपालात उघडा नाहीतर बँकेत, माणशी खातं एकच. टपालातून बँकेत हलवता येतं, आणि हलवलं तरी आधीची वर्षं वाया जात नाहीत. पण दुसरं नाही. १ ऑक्टोबर २०२४ पासून तर या जादा खात्यांचा बंदोबस्तच झाला. दुसऱ्या खात्यातली रक्कम मर्यादेत बसेल तेवढी पहिल्यात घालायची, उरलेली बिनव्याजी परत, आणि तिसरं खातं असलंच तर त्याला पहिल्या दिवसापासून शून्य टक्के व्याज.

मग पोराच्या नावानं उघडावं म्हटलं, तर ते उघडता येतं. पण बाप आणि पोर मिळून मर्यादा तीच दीड लाखाची. पंगतीत बापलेकांना दोन पानं मांडायची आणि पुरणपोळ्या मात्र एकाच्याच वाढायच्या, असा हा प्रकार. आजोबांना तर त्या पंगतीत प्रवेशच नाही. नातवाचे आईबाप हयात असताना आजोबांना पालक म्हणून हे खातं उघडता येत नाही. नातवाच्या बाबतीत आजोबांचं न चालणारी अशी ही दुसरी जागा. पहिली म्हणजे सूनबाई.

आणि पाच तारीख! पाच तारखेची रात्र ते महिनाअखेर या काळात खात्यात जी सर्वांत कमी शिल्लक असेल तिच्यावर त्या महिन्याचं व्याज. दीड लाख रुपये पाच एप्रिलऐवजी सहा एप्रिलला भरले, तर ७.१ टक्क्यांच्या दरानं ८८७ रुपये ५० पैसे एका रात्रीत गेले. एवढ्या महाग रात्री आमच्या घराण्यात कुणीच काढल्या नसतील.

असं असून माणसं हे सारं सोसतात, कारण त्या व्याजावर आयकर नाही. जुन्या कररचनेत भरलेल्या रकमेचीही वजावट मिळते. नव्या रचनेत ती मिळत नाही, व्याज मात्र तिथंही करमुक्तच. २००० सालच्या जानेवारीपर्यंत बारा टक्के व्याज होतं. त्या बारा टक्क्यांबद्दल आमच्याकडचे म्हातारे अजून घरच्या तुपाबद्दल बोलावं तसं बोलतात.

पण या नियमांचा खरा उपयोग पाहायचा असेल तर माझ्या आत्याकडे जायला हवं. आत्या खाजगी शाळेत शिक्षिका होती. पेन्शन नाही. आणि आयुष्यात तिला एक शब्द कधी उच्चारता आला नाही, तो म्हणजे 'नाही'. नणंदेच्या मुलीची फी, भावाच्या घराची गळती, सारं तिच्या पगारातून. त्यातून तिचा पुतण्या बाळू म्हणजे कल्पक माणूस. पापड, झेरॉक्स, रसवंती असे त्याचे दर सहा महिन्यांनी धंदे बदलत, आणि भांडवल तेवढं कायम. म्हणजे आत्या.

२००८ साली आत्यानं पीपीएफ उघडला. बाळू नेहमीप्रमाणे आला.

"काकू, पन्नास हजार पाहिजे होते. टेम्पोचं बघतोय."

"अरे, पैसे आहेत रे बाळू. पण सरकार नाही म्हणतंय."

हे वाक्य उच्चारताना म्हणे तिचा आवाजसुद्धा कापला नाही. पहिल्या काही वर्षांत पैसे काढता येत नाहीत, तरी खात्यावर कर्ज मिळतं. ते आत्याला ठाऊक होतं, बाळूला नव्हतं. सहा वर्षांनी थोडे पैसे काढायची मुभा मिळाली, ती वर्षातून एकदाच. आत्या दर एप्रिलात दोन हजार रुपये काढून हापूसची पेटी आणू लागली. मे महिन्यात कुणी आलं की फोड पुढं करून सांगायची, "यंदाची उचल झाली रे!"

टेम्पो बाळूनं शेवटी कर्ज काढून घेतलाच, आणि जामीन म्हणून सही केली कुणी? आत्यानं. सही मागितल्यावर 'सरकार नाही म्हणतंय' असं सांगण्याची सोय नव्हती. हप्ते थकले आणि एक दिवस आत्याच्या नावानं नोटीस आली. तिला रात्रभर झोप नाही. म्हातारपणाची सारी पुंजी त्या एका पासबुकात. सकाळी वकिलांनी सांगितलं, "बाई, कर्जापायी कोर्टाच्या हुकुमानंही पीपीएफवर जप्ती येत नाही." आत्यानं पासबुक देवघरात नेऊन ठेवलं. बाळूनं पुढं टेम्पो विकून कर्ज फेडलं, हे त्याच्या नावावर नोंदवलं पाहिजे.

२०२४च्या मार्चअखेर खातं पिकलं. झाडावर आंबा पिकल्याचं जसं साऱ्या आळीला कळतं, तसं ते साऱ्या नात्यात कळलं. पाहुण्यांची रीघ लागली. आत्यानं सर्वांना पोहे दिले आणि टपालात जाऊन पाच वर्षांच्या मुदतवाढीचा अर्ज भरला. मुदतवाढीत पैसे न भरता खातं नुसतं ठेवलं, तर वर्षातून एकदा हवी तेवढी रक्कम काढता येते. भरत राहिलं तर पाच वर्षांत मिळून साठ टक्क्यांपर्यंतच. आत्यानं दुसरा पर्याय घेतला. कारकून समजावत होता, "आजी, पहिल्यात जास्त सोय आहे."

"म्हणूनच नको," आत्या म्हणाली.

हल्ली बाळूचंही स्वतःचं खातं आहे. परवा त्याचा फोन आला होता. मेव्हणा पैसे मागतोय, काय सांगू, असं तो आत्याला विचारत होता.