जामीन राहिलेली बाई

गुन्ह्याच्या गोष्टीत विनोद नसावा, असं माझं मत होतं. वकिलांच्या बार रूममध्ये, पुस्तकभिशीत, जिथे विषय निघेल तिथे मी ते बोलून दाखवायची. त्याला कारणही होतं. मी वर्ध्याच्या न्यायालयात फौजदारी प्रकरणं चालवते. मृतदेहाचा इन्क्वेस्ट पंचनामा वाचताना कुणाला हसू येत नाही. जिल्ह्यात दारूबंदी असल्यामुळे महाराष्ट्र दारूबंदी कायदा, 1949 खालची प्रकरणं सतत हाताखालून जातात, आणि त्याच दारूपायी घरात झालेल्या मारहाणीचीही. मार खाल्लेली बाई समोर बसलेली असते, तेव्हा तिच्या दुःखातून कुणी करमणूक काढतंय ही कल्पनाच मला सहन होत नसे.

रहस्यकथा मात्र मी आवडीने वाचत आले. बाबूराव अर्नाळकरांचे झुंजार आणि काळा पहाड वडिलांच्या तोंडून ऐकले, सुहास शिरवळकरांचा बॅरिस्टर अमर विश्वास स्वतः वाचला. या गोष्टींत खुनाचा आब राखलेला असे, म्हणून त्या मला मान्य होत्या. त्यांत बाई काय करते, हा प्रश्न मी तेव्हा विचारलाच नव्हता. कुणाला तरी तिला सोडवून आणावं लागे, तिच्यावर संशय घेतला जाई, नाहीतर पहिल्याच प्रकरणात ती मेलेली सापडे.

जॅनेट इव्हानोविच या अमेरिकन लेखिकेचं ‘वन फॉर द मनी’ (1994) माझ्या हाती आलं ते माझं मत पक्कं असतानाच. न्यू जर्सीतल्या ट्रेंटन या कामगार वस्त्यांच्या शहरातली स्टेफनी प्लम ही तिची नायिका. घटस्फोट झालेला, नोकरी गेलेली, घरातलं सामान विकून झालेलं, हप्ते थकल्यामुळे गाडी ओढून नेलेली. व्हिनी नावाच्या चुलतभावाचा जामिनाचा धंदा आहे. त्याला कोंडीत पकडून ती फरार आरोपी शोधून आणायचं काम मिळवते. पहिलाच आरोपी म्हणजे तिच्या ओळखीचा पोलीस, जो मॉरेली. खुनाचा आरोप आहे, जामिनावर सुटला आणि तारखेला आलाच नाही. आणून उभा केला तर दहा हजार डॉलर. बंदूक कशी धरायची हे तिला कुणीतरी शिकवावं लागतं. तिची आजी, ग्रँडमा मेझर, जेवणाच्या टेबलावर नातीची बंदूक हाताळते आणि भाजलेल्या कोंबडीलाच गोळी घालते. इथपर्यंत वाचून मला वाटलं, हेच ते, ज्याला माझा विरोध आहे.

पुढे लूला येते. रस्त्यावर उभी राहून पोट भरणारी कृष्णवर्णीय बाई. स्टेफनी तिच्याकडे माहिती विचारायला जाते. रामिरेझ नावाचा एक मुष्टियोद्धा बायकांवर अनन्वित अत्याचार करतो आणि त्याला हात लावायला कुणी धजत नाही. स्टेफनीशी बोलली म्हणून तो लूलाचे हाल करतो आणि रक्तबंबाळ अवस्थेत तिला स्टेफनीच्या खिडकीबाहेरच्या लोखंडी जिन्याला बांधून ठेवतो. त्या पानांवर एकही विनोद नाही. लेखिकेला कुठे हसायचं आणि कुठे थांबायचं हे नेमकं ठाऊक आहे, हे मला तिथे कळलं.

तरीही माझं मत बदललं ते त्या पानांनी नव्हे, 1996 सालच्या दुसऱ्या पुस्तकाने. त्यात लूला परत येते. व्हिनीच्या ऑफिसात ती फायली लावायला लागली आहे. पुढच्या पुस्तकांत ती स्टेफनीची जोडीदार होते, लाल फायरबर्ड चालवते, मनसोक्त खाते, भडक कपडे घालते, घाबरते, भांडते आणि आरोपीच्या मागे धावते. मालिका तिसाहून अधिक पुस्तकांची झाली आणि लूला तिच्यात आहे.

मी बऱ्याच रात्री या गोष्टीचा विचार केला. माझ्या फायलींत अशी बाई एकदाच येते. फिर्यादी म्हणून, पीडिता म्हणून, नाहीतर शवविच्छेदन अहवालातलं नाव म्हणून. उलटतपासणीत तिला विचारतात, तुम्ही इतक्या उशिरा तिथे का गेलात? निकाल लागतो, फाईल अभिलेख कक्षात जाते. त्यानंतर तिने कुठलं काम धरलं, तिला पुन्हा कशाचं हसू आलं का, हे न्यायालय विचारत नाही आणि गंभीर रहस्यकथाही विचारत नाही. गुन्हेगार सापडला की दोन्हींचं काम संपतं. विनोदी मालिकेला तसं संपून चालत नाही. तिला माणसं पुन्हा पुन्हा लागतात, आपापल्या खोडींसकट, भुकेसकट. म्हणून ती लूलाला जगवते. ज्या प्रकाराला मी दुःखाची टिंगल समजत होते, त्यानेच त्या बाईला पुढचं आयुष्य दिलं. हे मला पटलं आणि त्या दिवसापासून मी तो जुना मुद्दा मांडणं सोडलं.

एका बाबतीत मात्र माझं मत तसूभरही हललेलं नाही. माणसाच्या सुटकेचा धंदा करणं मला अमान्य आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 1872 च्या टेलर विरुद्ध टेन्टर खटल्यात जामीनदाराला फरार आरोपी कुठेही जाऊन पकडण्याची जवळपास मोकळीक दिली, आणि पैसे घेऊन फरारी पकडून आणणारे बाउंटी हंटर त्याच बळावर दारं तोडत आले. ठरावीक रक्कम भरून सुटका विकत घ्यायची, पळालात तर कंपनीचा माणूस मागे लागणार. तिथेही इलिनॉय, केंटकी, ऑरेगन आणि विस्कॉन्सिन या राज्यांनी हा धंदा बंद केला आहे. आपल्याकडे तो नाही, हे चांगलंच आहे.

मग अशी नायिका आपल्याकडे होणारच नाही का? मीही तसंच मानत असे. उत्तर मात्र रोज माझ्यासमोर बसत होतं.

आपल्याकडे जामीन राहतो तो नात्यातला, गावातला माणूस. तो सातबारा आणतो, तहसीलमधून ऐपतीचा दाखला काढतो, सही नाहीतर अंगठा देतो. आरोपी तारखेला आला नाही की अजामीनपात्र वॉरंट निघतं आणि जामीनदाराला नोटीस जाते: बंधपत्राची रक्कम तुमच्याकडून का वसूल करू नये? आता त्या जामीनदाराच्या जागी बाई ठेवून पाहा. दोन एकर कपाशी तिच्या नावावर. मावसभाऊ दारू वाहताना सापडला, मावशी रडली, हिने सही केली. भाऊ पसार. वॉरंट बजावणाऱ्या शिपायाकडे कामांचा ढीग. नोटीस हिच्या हातात. तिला भाऊ शोधावाच लागणार आहे, आणि बक्षीस म्हणून मिळणार काय, तर स्वतःचंच शेत.

स्टेफनीपेक्षा ही गोष्ट मला मोठी वाटते. स्टेफनी कमिशनसाठी परक्यांच्या मागे धावते. आपली बाई घरच्याच माणसाच्या मागे निघेल, आणि तो सापडला तर मावशी आयुष्यभर तोंड पाहणार नाही.

जागाही इथे आयत्या आहेत. वर्धा जिल्ह्याच्या सीमेला नागपूर, चंद्रपूर, यवतमाळ आणि अमरावती हे चार जिल्हे. चंद्रपुरात 2015 मध्ये आलेली दारूबंदी 2021 मध्ये उठली, तेव्हापासून चारही बाजूंना दारू खुली आहे. म्हणजे वर्धा नदीचा पूल ओलांडला की भाऊ मोकळेपणी बसलेला सापडू शकतो. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये हंगामात मजुरांच्या गर्दीत लपता येतं, गिरडच्या दर्ग्याला येणाऱ्या भाविकांत मिसळता येतं, पुलगावहून रेल्वेने निसटता येतं. आणि ती? मार्च 2023 पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट आहे. एवढ्या भांडवलावर ती चार जिल्हे पालथे घालू शकते. कायदाही तिला वाटतो तितका परका नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 40 प्रमाणे, फरारी म्हणून उद्घोषित झालेल्या आरोपीला कोणीही खासगी व्यक्ती पकडू शकते. फक्त सहा तासांच्या आत पोलिसांकडे सोपवायचं. आधीच्या 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतही, कलम 43 मध्ये, हा अधिकार होता.

आपल्याकडच्या बायका असं काही करत नाहीत, हा आक्षेप मी ऐकला आहे. रजनी पंडित यांनी 1991 मध्ये मुंबईत स्वतःची गुप्तहेर संस्था काढली. एका खुनाच्या तपासात त्या संशयित बाईच्या घरी सहा महिने मोलकरीण म्हणून राहिल्या. रेकॉर्डरचा खट् आवाज झाला, बाईला संशय आला, बाहेर जाणं बंद झालं. सुपारी घेतलेला मारेकरी घरी आला, तेव्हा त्यांनी स्वयंपाकघरातल्या सुरीने स्वतःचा पाय कापून घेतला, मलमपट्टीचं निमित्त करून बाहेर पडल्या आणि एसटीडी बूथवरून निरोप दिला. दोघंही त्याच दिवशी पकडले गेले. अर्नाळकरांच्या नायकांकडे पिस्तूल आणि वेषांतराची पेटी असे. इथे भाजी चिरायची सुरी पुरली.

आणि आमच्या जिल्ह्यातल्या दारूबंदी मंडळांच्या बायका! शेताच्या बांधाआड पुरलेले मोहाच्या सडव्याचे ड्रम त्या शोधून काढतात, उपडे करतात, विक्रेत्याला धरून ठाण्यात नेतात. साक्षीच्या तयारीसाठी अशा काही जणी माझ्याकडे आल्या होत्या. मी गंभीरपणे घटनाक्रम लिहून घेत होते आणि त्या हसत सांगत होत्या. ‘‘थो समोर पये अन् मी मांगं, चपला हातात!’’ एकीने एवढं म्हटलं आणि सगळ्या खो खो हसल्या. तिच्याच कपाळावर नवऱ्याने मारलेल्या पाटाची जुनी खूण होती. ते हसणं दुःखाचा अपमान करणारं आहे, असं मी त्यांना कोणत्या तोंडाने सांगणार होते? ज्यांनी मार खाल्ला त्यांनीच ठरवलं होतं की ही गोष्ट हसूनच सांगायची. मारणाऱ्याची भीती त्या हसण्याने कमी होते, हे मी डोळ्यांनी पाहिलं. साक्षीच्या दिवशी त्यांतली एकही फितूर झाली नाही.

म्हणून माझी मराठी लेखकांना, आणि त्यातही विदर्भातल्या लिहित्या मुलींना, मनापासून विनंती आहे. ही कादंबरी लिहा. बाईला सर्वगुणसंपन्न करू नका. तिची बस चुकू द्या, चुकीचा माणूस पकडू द्या, भीतीने तिचे पाय लटपटू द्या. भाषा आमच्याकडची ठेवा, पण ती फक्त हशा पिकवण्यासाठी नको. त्या भाषेत तिला विचारही करू द्या. मारहाण येईल तिथे थांबा, आणि मार खाल्लेल्या बाईला पुढच्या प्रकरणात काहीतरी काम द्या. वॉरंट, उद्घोषणा, ऐपतीचा दाखला, जामीनदाराची नोटीस यांतलं काय आधी येतं आणि काय नंतर, हे समजून घ्यायचं असेल तर न्यायालय सुटल्यावर संध्याकाळी माझ्याकडे या. मी सगळं सांगेन.