लांबलेली सुट्टी

आषाढाच्या झडींत उन्हाची गोष्ट काढावी हें तसें विसंगतच. पण गेल्या आषाढांत सलग आठ दिवस पाऊस लागला असतां मला जें ऊन भेटलें तें जपानचें होतें, आणि तेंहि चाळीसांहून अधिक वर्षांपूर्वींचें. संगणकावर दुसरेंच कांहीं शोधीत असतां एक चित्र समोर आलें. निळें आकाश, निळें पाणी, माडाच्या जातीचीं झाडें, एक छत्री. माणूस मात्र एकहि नाहीं. हिरोशी नागाई या चित्रकाराचें हें चित्र म्हणजे 'ए लाँग व्हेकेशन' या ध्वनिमुद्रिकेचें वेष्टन होय. लांब सुट्टी! पावसानें घरांत कोंडलेल्या माणसाला याहून मोठें आमिष कोणतें?

तबकडी एइची ओताकी या गायक-संगीतकाराची. ओताकी या नांवाचा अर्थच मोठा धबधबा. म्हणून या गृहस्थानें आपल्या मालकीच्या छोट्या संस्थेला नांव दिलें 'नायगारा'. असला विनोद ज्याला सुचतो त्याच्याशीं माझें लगेच जमतें. टोकियोच्या पश्चिमेस फुस्सा या गांवीं, अमेरिकन विमानतळाच्या शेजारीं, तो राही, आणि घरांतच ध्वनिमुद्रण करी. १९७० नंतरच्या दशकांत त्यानें मनस्वीपणें अनेक तबकड्या काढल्या. गिऱ्हाईक थोडें. शेवटीं कारभार जवळजवळ थांबला.

पहिलें गाणें सुरू होतें तें गाण्यानें नव्हे. पियानोचा एक सूर वाजतो आणि त्याला धरून बाकीचे वादक आपापलीं वाद्यें जुळवूं लागतात. आपल्या बैठकींत तंबोरे लागतात ना, तसेंच. सामान्यतः ही तयारी श्रोत्यांपासून लपवितात. ओताकीनें ती मुद्दाम ठेविली. मग काठ्यांचे टोले पडतात, आणि एकदम सारें दालन उजळतें. एकाच वेळीं अनेक गिटारी, एकाहून अधिक पियानो, खुळखुळे, घुंगुर. अमेरिकेंत १९६० नंतर फिल स्पेक्टर यानें जी ध्वनीची भिंत उभारण्याची रीत काढली, तिचा हा जपानी शिष्य. पण गुरूच्या भिंतींत मला नेहमीं थोडें गुदमरल्यासारखें होतें. शिष्यानें भिंतीला खिडक्या ठेविल्या आहेत.

जपानी भाषेचें मला अक्षरहि येत नाहीं. पहिले चार दिवस मीं नुसतें ऊन खाल्लें. पांचव्या दिवशीं गीतांचे अनुवाद मिळविले, आणि त्यांच्या मागोमाग या तबकडीची कथाहि हातीं आली.

दहांपैकीं नऊ गीतें ताकाशी मात्सुमोतो याचीं. हे दोघे जुने सोबती. जपानी भाषेंत रॉक संगीत गातां येतें हें ज्या पथकानें दाखवून दिलें, त्या 'हॅपी एंड'मध्यें मात्सुमोतो ड्रम वाजवी आणि गीतें लिही. १९७२ अखेर पथक मोडलें. १९८० सालीं ओताकीनें त्याला पुन्हां हांक मारली. तबकडी त्याच उन्हाळ्यांत निघावयाची होती. चाली तयार होत्या, आणि मध्येंच मात्सुमोतोची धाकटी बहीण वारली. तिचें हृदय जन्मापासून दुबळें होतें. त्यानंतर शिबुयाच्या रस्त्यांवरून चालतांना शहराचे रंगच नाहींसे झाले, सारें काळें-पांढरें दिसूं लागलें, असें त्यानें पुढें सांगितलें आहे. लिहिणें अशक्य झालें तेव्हां त्यानें दुसरा कवि पाहावा असें ओताकीला सुचविलें. ओताकीनें दुसरा कवि पाहिला नाहीं; तबकडी लांबणीवर टाकली. ती निघाली २१ मार्च १९८१ रोजीं. ज्याच्या मागच्या तबकड्यांना गिऱ्हाईक नव्हतें त्या माणसानें, पुन्हां उभें राहण्याची संधि आलेली असतां, उन्हाळा हातचा घालविला! व्यवहारी लोक याला काय म्हणतील तें मला ठाऊक आहे.

त्या पहिल्या गीताचें नांव सामान्यतः 'तूं नैसर्गिक रंगांची' असें करितां येईल. रंगीत चित्रपट नवे होते तेव्हां जाहिरातींत जो शब्द झळके तोच हा, आपल्याकडच्या 'ईस्टमनकलर'सारखा. रंग गेलेल्या आठवणींना रंग मिळावा एवढीच त्याची आळवणी. ऐकणाऱ्याला तें प्रेमगीत वाटतें, आणि वाटावेंच.

माझी धाकटी बहीण गेली त्या वर्षीं आमच्या रेडिओला आईनें जुन्या लुगड्याची खोळ शिवून घातली. वर्षभर सण नाहीं, गोडधोड नाहीं, गाणें नाहीं. शेजारचे लोकहि आपला रेडिओ हळू करीत. पुढें ती खोळ कोणी काढली, पहिलें गाणें कोणतें लागलें, हें आज आमच्या घरांत कोणालाच सांगतां येत नाहीं. म्हणून मात्सुमोतोच्या त्या महिन्यांविषयीं मला कुतूहल वाटतें. कारण त्याची खोळ कोणत्या गाण्यानें निघाली हें आपल्याला नेमकें ठाऊक आहे.

ही कथा कळल्यावर कित्येक रसिक म्हणूं लागतात कीं, हें ऊन वरवरचें, आंत सारा शोकच आहे. मला तें मान्य नाहीं. चाल शोकाच्या आधींची आहे, आणि ती उड्या मारणारी आहे. कवीनें तिला रडावयास लाविलें नाहीं. तिच्या प्रत्येक ठेक्यावर आपला शब्द बसवीत तो तिच्याबरोबर गेला. दुःखाचा शोध लागला म्हणून आनंदाला खोटा ठरविण्याची ही टीकाकारांची संवय मला नेहमींच क्षुद्र वाटत आली आहे.

तबकडी पुढें दहा लाखांवर खपली. १ ऑक्टोबर १९८२ रोजीं जपानांत पहिल्या सीडी विक्रीस आल्या त्यांतहि ती होती. ओताकी २०१३ च्या डिसेंबरांत वारला.

एक गोष्ट राहिली. या उन्हाळी तबकडीचें शेवटचें गाणें सैबेरियाच्या आगगाडीवर आहे. कॅनरी बेटें झालीं, समुद्र झाला, आणि अखेर सगळीकडे बर्फ. माझा भाचा तें गाळून पुन्हां पहिल्यावर जातो. मी गाळीत नाहीं. गाडी दूर जाते, बाहेर पागोळ्या गळत असतात, आणि थोड्या वेळानें तो पियानोचा सूर पुन्हां लागतो.