बांधिलकीची रेषा
चित्तप्रसाद भट्टाचार्य (१९१५–१९७८) यांना केवळ प्रचारचित्रकार ठरवणे मला अन्यायाचे वाटते. १९४३च्या बंगालमधल्या दुष्काळातली मेदिनीपूरची उपासमार त्यांनी शाईने कागदावर उतरवली. त्या चित्रांच्या ‘हंग्री बेंगॉल’ या पुस्तिकेच्या प्रती ब्रिटिश सरकारने जप्त करून नष्ट केल्या. पुढे मुंबईत, अंधेरीत राहून त्यांनी लिनोकट कोरले. लिनोलियम स्वस्त, शिवाय एका ठशातून अनेक प्रती निघतात. चित्र सामान्यांच्या हाती पोचावे, ही तळमळ माध्यमाच्या निवडीतही दिसते. बांधिलकीने कला उथळ होते, हा आक्षेप काही भित्तिपत्रकांना लागू पडेलही. पण राबणाऱ्या मुलांच्या त्यांच्या चित्रांत घोषणा नाही. दाट काळ्यातून उमटलेल्या पांढऱ्या रेषांत त्या मुलांची प्रतिष्ठा आहे. कम्युनिस्ट पक्षापासून दुरावल्यावरही ही करुणा टिकली, म्हणजे ती उसनी नव्हती. त्यांचे काम राजकारणाच्या तळटिपेत न ठेवता भारतीय मुद्राचित्रकलेच्या मुख्य इतिहासात मांडायला हवे.