पंचवीस इंचांचा उंबरठा

मोटार विकत घेतांना मनुष्य फार विचार करतो असें म्हणतात. परंतु विकत घेतलेल्या मोटारींत फेरफार करावयाचें ठरलें म्हणजे त्याहूनहि अधिक विचार करावा लागतो, आणि तो एकट्यानें करतां येत नाहीं, असा आमचा अनुभव आहे. निदान ज्या घरांत सात माणसांचीं पानें एका पंगतीला मांडलीं जातात, त्या घरांत तरी नाहींच नाहीं.

गाडी घेतली ती थोरल्या बंधूंच्या हौसेनें. जुनी, डिझेलवर चालणारी, चारी चाकांना जोर पोंचविणारी आणि नोंदणीपुस्तकाप्रमाणें सात बैठकांची. वर्षांतून चार-दोन वेळां सर्वांनीं मिळून सह्याद्रींत जावें, रात्रीं तंबूंत निजावें, चुलीवरचा नव्हे तरी निदान उघड्यावरचा भात खावा, असा सरळ हेतु होता. पहिली सफर कोठें न्यावयाची याविषयीं तर मुळींच मतभेद नव्हता. आमच्या आईचें माहेर नेवाशाचें. ज्या प्रवरेच्या कांठीं ज्ञानेश्वरी सांगितली गेली, त्याच प्रवरेंत तिचें बाळपण भिजलेलें. ही नदी गोदावरीला जेथें मिळते तो प्रवरासंगम तिनें शेंकडों वेळां पाहिला आहे. पण ती जेथून निघते तो रतनगडाचा पायथा एकदांहि पाहिला नव्हता. वय अठ्याहत्तर, डाव्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली. "उगमाकडचें पाणी एकदां पाहिलें म्हणजे झालें," एवढेंच ती म्हणे, आणि सामानाची चर्चा रंगूं लागली कीं हळूच पुस्ती जोडी, "जागा पुरत नसेल तर मी आपली घरीं राहीन हो." हें दुसरें वाक्य ती अशा समजूतदारपणें उच्चारी कीं ऐकणाराच्या घशाखालीं घांस उतरूं नये.

या जातीच्या गाडीचा जन्म युद्धांत झाला हें पुष्कळांस ठाऊक असेल. दुसऱ्या महायुद्धांत अमेरिकेंतील विलीज आणि फोर्ड या दोन कारखान्यांनीं मिळून सहा लाखांहून अधिक जीपा बांधल्या. एंजिन साठ अश्वशक्तीचें आणि वजन अवघें अकराशें किलोच्या आसपास. पुढें महिंद्र कंपनीनें मुंबईस माझगांवांत याच जीपेची जुळणी सुरू केली आणि आपल्याकडील डोंगरी रस्त्यांना ती सरावली. मूळ गाडी शिपायांसाठीं होती, आणि शिपाई उडी मारून चढतो. त्यानंतर पाऊणशें वर्षें लोटलीं, बैठका मऊ झाल्या, थंड वाऱ्याचीं यंत्रें आलीं. पण चढणारा मनुष्य उडी मारील ही कल्पना कांहीं तिच्या सांगाड्यांतून गेलेली नाहीं. वहिनींनीं शिवणाची टेप लावून पाहिली. मधल्या दाराचा उंबरठा जमिनीपासून पंचवीस इंच!

नेमक्या याच सुमारास आमच्या पुतण्याचा आराखडा पुढें आला. तो यंत्रविद्येचा विद्यार्थी आहे, आणि त्या वयास शोभेल असा त्याचा उत्साह आहे. "काका, कमानपाटे बदलून गाडी दोन इंच उचलूं या, आणि टायर दोन इंच मोठ्या व्यासाचे घालूं या. मग कोणताहि खडक आडवा येऊं द्या!" त्यानें चित्रेंहि दाखविलीं. चित्रांतल्या गाड्या खरोखरच देखण्या होत्या. त्यांत वृद्ध मनुष्य मात्र एकहि नव्हता.

बंधूंनीं त्याला विरोध केला नाहीं. कागद आणि पेन्सिल मागितली. आमच्या गाडीसारख्या गाडीचा मागचा आंस अखंड असतो, आणि त्याच्या मध्यावर दांतेरी चक्रांचा लोखंडी गोळा असतो. वाटेंतला दगड पहिल्यानें लागतो तो या गोळ्याला. कमानपाटे उंच केले तर आंसावरचें धूड उंच होतें. गोळा होता तेथेंच राहतो. त्याला वर उचलतो तो फक्त टायर, आणि तोहि व्यासाच्या निम्म्यानें. दोन इंच मोठा टायर घातला तर एकच इंच. गाडीचें नाक आणि शेपूट चढउतारावर खडकाला टेंकत नाहीं हा उंचीचा फायदा खरा, पण त्याच्या मोबदल्यांत गुरुत्वमध्य वर जातो आणि आडव्या उतारावर कलंडण्याचें भय वाढतें. शिवाय मोठ्या टायरामुळें वेगदर्शक कांटा खऱ्यापेक्षां कमी वेग दाखवूं लागतो. हें सर्व पुतण्यानें निमूटपणें ऐकलें. शेवटचा घाव मात्र वहिनींचा होता. "भाऊजी," त्या आम्हांला म्हणाल्या, "सासूबाई आपल्या जिन्याची सात इंचांची पायरी कठड्याला धरून चढतात. पंचविसाचे अठ्ठावीस केलेत तर त्यांना चार पायऱ्या एकदम चढावयास सांगितल्यासारखें होईल."

टायर मूळच्याच मापाचे घ्यावयाचे, फक्त नक्षी खडकाळ आणि चिखलाच्या वाटेला चालेल अशी खोल निवडावयाची. पाटे थकलेले होते ते मूळच्याच ताकदीचे नवे घालावयाचे, असें ठरलें. जास्तीचा पाटा चढविला तर ओझें सोसतें खरें, पण कमी माणसें बसलेलीं असतांना प्रत्येक खड्डा पाठीच्या मणक्यापर्यंत पोंचतो. अठ्याहत्तराव्या वर्षीं मणक्याला असल्या बातम्या नको असतात.

उरली पायरी. एका दुकानदारानें आम्हांला चकचकीत पोलादी नळीची पायपट्टी दाखविली. तिची उंची पंधरा इंच, आणि पावसांत तिच्यावर चप्पल ठेवली तर थेट दवाखानाच गांठावा लागेल! दाखविण्याच्या वस्तू आणि वापरण्याच्या वस्तू यांत मोटारीच्या बाजारांत जेवढें अंतर आहे तेवढें लग्नाच्या बाजारांतहि नसेल. अखेर नाना पेठेंतल्या एका कारागिराकडून दुहेरी घडीची पायरी करून घेतली: खालची जमिनीपासून नऊ इंचांवर, दुसरी सतरावर, आणि तेथून उंबरठा पुन्हां आठ इंच. पृष्ठभाग खरखरीत जाळीचा. गाडी चालूं लागण्यापूर्वीं ती वर मिटून खिळीनें अडकवावयाची, म्हणजे दगडधोंड्यांना लागत नाहीं आणि गाडीच्या रुंदीबाहेरहि येत नाहीं. सांगाड्याला झाळून चिकटविण्यास कारागीर उत्सुक होता. आम्हीं बोल्टांचा आग्रह धरला, कारण झाळकामाच्या उष्णतेनें सांगाड्याचें पोलाद त्या जागीं कमजोर होतें. दाराच्या खांबावर आंतून एक जाड मूठ बसविली. पहिल्या दिवशीं आईनें मूठ धरली, दोन पायऱ्या चढून ती आंत बसली, पुन्हां उतरली, आणि कोणी पाहत नाहीं अशा समजुतीनें आणखी एकदां चढली.

कायद्याचा उल्लेख येथेंच करून टाकतों. मोटार वाहन कायदा, १९८८, याच्या ५२ व्या कलमान्वयें नोंदणीपुस्तकांतील मूळ तपशिलाशीं विसंगत असा फेरफार करतां येत नाहीं. जानेवारी २०१९ मध्यें सर्वोच्च न्यायालयानेंहि तें स्पष्ट केलें. पुढच्या बाजूस बसवितात तें लोखंडी शिंगाड तर केंद्र सरकारनें डिसेंबर २०१७ मध्येंच बेकायदा ठरविलें आहे. त्यानें टक्कर झाल्यास पादचाऱ्याचा जीव जातो आणि गाडीच्या हवाई पिशव्यांचें गणितहि चुकतें. पुतण्याच्या यादींतील निम्मीं कलमें या एका परिच्छेदांत निकालांत निघालीं.

खरी लढाई झाली ती वजनावर. वाचकांपैकीं ज्यांना असा उद्योग करावयाचा असेल त्यांनीं दुकानांत पाऊल टाकण्यापूर्वीं वजनकांट्यावर जावें. आम्हीं टाकी काठोकांठ भरून रिकामी गाडी कांट्यावर घातली, आणि नोंदणीपुस्तकांतील कमाल वजनांतून तो आंकडा वजा केला. उरले ५६० किलो. घरच्या सात माणसांचें वजन ४०५ किलो. (ही मोजणी न्हाणीघराबाहेरच्या कांट्यावर झाली आणि स्त्रीवर्गाचे आंकडे बंधूंनीं गुप्त ठेवले आहेत.) म्हणजे संसाराला १५५ किलो! छपरावर उघडणारा तंबू याच ठिकाणीं बाद झाला. तो एकटाच पन्नास-साठ किलोंचा, तोहि नेमका नको तेथें, छपरावर. आणि त्यांत निजावयाचें तर शिडी चढणें आलें. जमिनीवरचे दोन साधे तंबू, पांघरुणें व कपडे ३४ किलो. तें ठेवावयाला अल्युमिनियमची हलकी जाळी १८ किलो. फावडें, ओढदोर, जॅकखालीं ठेवावयाची फळी आणि टायरांत हवा भरण्याचा छोटा पंप १२ किलो. पायरी ६ किलो. पाण्याचे वीस लिटर, म्हणजे वीस किलो. दुसरा डबा रिकामा न्यावयाचा आणि शेवटच्या गांवीं भरावयाचा. दिव्यांसाठीं दुसरी बॅटरी पाहिजे होती, कारण मूळ बॅटरीवर रात्रभर दिवे जाळले तर सकाळीं एंजिन सुरू होत नाहीं. शिशाची घेतली तर ती अठ्ठावीस किलोंवर जाते, लिथियमची बारांत भागते. किंमत बरीच अधिक पडली, पण ते सोळा किलो आम्हांला रुपयांहून महाग होते. तिची तार जाड घेतली आणि बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आंतच फ्यूज बसविला. तार कोठें घासून उघडी पडली तर गाडी पेटूं नये म्हणून हा खर्च टाळतां येत नाहीं.

स्वयंपाकाची पेटी हें वहिनींचें आणि आमच्या सौभाग्यवतींचें काम. पुरुषांनीं तयार पेट्यांचीं मापें काढून डबे त्यांत कोंबण्याचा बेत केला होता. दोघींनीं उलट चाल केली: मसाल्याचा डबा, पोळपाट, कुकर, तांदूळ-डाळ, चहासाखर, सात ताटवाट्या, सर्व फरशीवर मांडून पाहिलें, त्याभोंवतीं खडूनें रेघ ओढली, आणि सुताराला बोलावून ती रेघ दाखविली. शेवटच्या बैठकीमागें अवघी सव्वा फुटाची जागा होती, तींत ती पेटी बरोबर बसली. बारा मिलिमीटरच्या, पाण्याला दाद न देणाऱ्या प्लायवुडची. तिचें पुढचें झांकण सांखळ्यांवर आडवें उतरतें आणि त्याचाच ओटा होतो. सामानासह ४८ किलो. ती तळाला चार बोल्टांनीं आवळलेली आहे. जोराचा ब्रेक लागला तर सुटी पेटी थांबत नाहीं, आणि तिच्यापुढें बसलेलीं असतात तीं घरचींच मुलें. शेगडी मात्र नेहमीं गाडीबाहेर पेटवावयाची. बंद गाडींत किंवा तंबूंत पेटविली तर तिचा वायु वास न येतां माणूस मारतो.

बेरीज १५० झाली. पांच किलो शिल्लक. बंधूंनीं ते आईच्या नांवें लिहिले. तिनें ज्ञानेश्वरीची मोठ्या टाइपाची प्रत, सहाण आणि एक लहान कळशी घेतली, आणि तरी किलोभर परत केला.

मार्गशीर्षांत निघालों. नारायणगांव, आळेफाटा, संगमनेर, अकोलें, राजूर करीत शेंडीस पोंचलों; १९२६ सालीं पुरें झालेलें भंडारदऱ्याचें धरण तेथेंच आहे. जलाशयाला वळसा घालून रतनवाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर कळसूबाईची रांग सारखी पाण्यांत उतरलेली दिसते. एका ओळखीच्या शेतकऱ्याच्या खळ्यावर, त्याच्या परवानगीनें, मुक्काम ठरला होता. खाचरांतून भात निघालेला, पण बांधाशेजारच्या ओढ्याची ओल तशीच होती, आणि त्या ओलींत मागचीं चाकें फिरूं लागलीं. पुतण्या उतरला. त्यानें चारी टायरांतली हवा बत्तिसांवरून वीस पौंडांवर आणली, त्यामुळें टायर पसरून चिखलावर त्यांची पकड वाढली, आणि पुढच्या चाकांना जोर देऊन बंधूंनीं गाडी संथपणें बाहेर काढली. खळ्यावर पोंचतांच त्यानें पंपानें पुन्हां हवा भरली. कमी हवेवर डांबरी रस्त्यानें धांवलें तर टायराच्या बाजू तापून फाटतात. दहा मिनिटांचें हें काम त्यानें न बोलतां केलें, आणि त्याच्या आराखड्याविषयीं त्या दिवसानंतर कोणी थट्टा केली नाहीं.

आई त्या एका दिवसांत सहा वेळां चढली-उतरली. संध्याकाळीं अमृतेश्वराच्या शिलाहारकालीन मानल्या जाणाऱ्या देवळाशीं गाडी उभी केली. तेथून प्रवरेचा प्रवाह फार दूर नाहीं. सौभाग्यवतींचा हात धरून ती कांठापर्यंत गेली. नेवाशाला जी नदी पैलतीरावरच्या माणसाचा चेहरा ओळखूं देत नाहीं, ती येथें वहिनींच्या ओंजळींत मावेल एवढी. आई बराच वेळ कांहीं बोलली नाहीं. मग कळशी भरून घेत म्हणाली, "हिला मीं नेहमीं म्हातारीच पाहिली होती."

रात्रीं थंडी कडक पडली. तंबूंत वांकून शिरणें तिच्या गुडघ्याला जमेना, तेव्हां मधली बैठक आडवी करून, खिडक्या बोटभर उघड्या ठेवून, तिचें अंथरूण गाडींतच घातलें. पायरी उघडीच ठेवली होती. पहांटे उठून पाहतों तों ती खालच्या पायरीवर शाल लपेटून बसलेली, आणि कळशी शेजारीं.

पुण्यास परतल्यावर पुतण्यानें चिखलांतून गाडी ओढणाऱ्या विंचेचा विषय काढला आहे. तिचें वजन पंचवीस-तीस किलो असल्यामुळें तो तूर्त तहकूब आहे. आईला आतां भीमेचा उगम पाहावयाचा आहे. भीमाशंकरास देवळाकडे उतरावयाच्या पायऱ्या दोनशेंच्या वर आहेत, आणि त्यांची घडी होत नाहीं. बंधु कागद आणि पेन्सिल घेऊन बसले आहेत.