वीस लाखवाल्यांचं इंदूर

इंदूरला जाऊन आलो असं म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो : सराफ्यात काय काय खाल्लंस? पोहे-जलेबी, भुट्ट्याचा कीस, दहीवडे या सगळ्यांचे फोटो आपल्या ग्रुपवर इतक्यांदा येऊन गेले आहेत की मी त्यात भर घालणार नाही. (गराडूबद्दल दोन शब्द लिहीन, त्याला इलाज नाही.) मला लिहायचंय ते इंदूरच्या दुसऱ्या व्यसनाबद्दल. हे व्यसन आहे क्रिकेट संघाच्या यादीतल्या शेवटच्या नावांवर भांडण्याचं.

शेवटच्या, हे महत्त्वाचं. कोहली मोठा की रोहित, हा वाद आपल्या हैदराबादेतही होतो, तो कुठेही होतो. माझं आजोळ इंदूरचं. तिथे लोकमान्य नगरात मामांच्या ओसरीवर या वादाला कोणी विचारत नाही. ‘ते मोठेवाले खेळाडू सोड रे, त्यांना कोणीही घेईल. विसावा माणूस कोण घेतला ते सांग,’ असं मामा म्हणतात. मामा बँकेतून निवृत्त झाले आहेत, त्यामुळे कमी पैशांत काय येतं यात त्यांचा जीव अडकलेला असतो, असं मी आधी समजत होतो. पण त्यांचे मित्र, शेजारचे इस्त्रीवाले, दूधवाले, सगळेच तसे आहेत.

आयपीएलचा हिशेब ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. एका संघात जास्तीत जास्त २५ खेळाडू, कमीत कमी १८, त्यांत परदेशी आठच. मैदानावर अकरा, आणि २०२३ पासून एक इम्पॅक्ट प्लेअर. म्हणजे निम्म्याहून जास्त माणसं रोज पाण्याच्या बाटल्या घेऊन बसणार. लिलावाच्या सुरुवातीला नामांकित लोक जातात, पर्स रिकामी होते, आणि मग संध्याकाळी उरलेल्या नावांची घाईघाईची फेरी सुरू होते. ज्यांना आधी कोणी घेतलं नाही त्यांतली नावं संघ परत मागवतात. भारताकडून न खेळलेल्या पोरांची मूळ किंमत तेव्हा वीस लाख असायची, आता तीस झाली आहे. टीव्ही बघणाऱ्यांपैकी बरेच जण या वेळेपर्यंत उठून जेवायला गेलेले असतात. इंदूरवाले याच वेळी खुर्ची पुढे ओढतात.

त्याला कारण आहे. या गावाची पोरं तिथूनच वर आली. रजत पाटीदार २०२१ मध्ये बेंगळुरूच्या संघात वीस लाखांत होता, चार सामने खेळला आणि त्याला सोडून दिलं. २०२२ च्या मोठ्या लिलावात त्याला कोणीच घेतलं नाही. मग लवनीत सिसोदिया जखमी झाला म्हणून बदली खेळाडू म्हणून त्याला बोलावलं, पुन्हा वीस लाखांतच. २५ मे २०२२ ला ईडन गार्डन्सवर लखनऊविरुद्ध बाद फेरीत त्याने ५४ चेंडूंत नाबाद ११२ केले. आयपीएलच्या प्लेऑफमध्ये भारताकडून न खेळलेल्या कोणी शतक करण्याची ती पहिलीच वेळ होती. तीन वर्षांनी तोच कर्णधार, आणि ३ जून २०२५ ला अहमदाबादेत पंजाबला सहा धावांनी हरवून बेंगळुरूचा पहिला चषक त्याच्या हातात. अठरा वर्षं मोठमोठी नावं असलेल्या संघाला जे जमलं नाही ते या बदली माणसाने केलं.

वेंकटेश अय्यरही इंदूरचाच. कोलकात्याने २०२१ साठी वीस लाखांत घेतला, अर्धा मोसम बाकावर बसवला, आणि स्पर्धा आखातात गेल्यावर सलामीला पाठवला. १० सामन्यांत ३७० धावा काढून त्याने संघाला अंतिम फेरीपर्यंत नेलं. पुढच्या वर्षी आठ कोटी, नोव्हेंबर २०२४ च्या लिलावात २३ कोटी ७५ लाख. २०२४ च्या अंतिम सामन्यात त्याने २६ चेंडूंत नाबाद ५२ धावा केल्या, आणि समोर आपलंच हैदराबाद होतं. त्या रात्री आमच्या सोसायटीत मी इंदूरचा भाचा असल्याचं कोणालाही सांगितलं नाही.

तिसरा आवेश खान. वडिलांचं पानाचं दुकान, मूळ किंमत वीस लाख, आणि २०२२ मध्ये लखनऊने मोजले दहा कोटी. सांगायचं काय, तर इंदुरात यादीतलं शेवटचं नाव हे शेजारच्या गल्लीतल्या पोराचं असू शकतं, म्हणून ते नीट वाचलं जातं.

या वेळी डिसेंबरात गेलो तेव्हा मामेभावाबरोबर रेसकोर्स रोडवरून होळकर स्टेडियमपर्यंत चालत गेलो. सामना नव्हता, बाहेरूनच पाहिलं. आधी याचं नाव उषाराजे स्टेडियम होतं, २०१० मध्ये होळकर झालं. सीमारेषा जवळ, मैदान वेगवान. इथे सेहवागने २०११ मध्ये वेस्ट इंडीजविरुद्ध २१९ मारले, रोहितने २०१७ मध्ये श्रीलंकेविरुद्ध ३५ चेंडूंत शतक. पण मामेभाऊ मला तिथे उभा राहून सांगत होता तो सामना वेगळाच होता. १ जानेवारी २०१८ ला विदर्भाने दिल्लीला हरवून आपली पहिली रणजी याच मैदानावर जिंकली. स्टार म्हणावा असा खेळाडू जवळपास नाही. रजनीश गुरबानीची हॅट्ट्रिक, अक्षय वाडकरचं शतक, आणि प्रशिक्षक चंद्रकांत पंडित. ‘तेव्हाच आमच्या लोकांनी बघून ठेवलं, असा संघ कसा बांधतात ते,’ मामेभाऊ म्हणाला. हे कितपत खरं कोण जाणे, पण पुढे पंडित मध्य प्रदेशचे प्रशिक्षक झाले हे खरं.

इथे थोडा इतिहास सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. इंदूरचं आणि संघबांधणीचं नातं आयपीएलहून फार जुनं आहे. नागपूरच्या सी. के. नायडूंना होळकरांनी १९२३ मध्ये इंदूरला बोलावलं आणि आपल्या सैन्यात हुद्दा दिला. यशवंतराव होळकरांच्या काळात तर त्यांच्याभोवती मुश्ताक अली, चंदू सरवटे, भाऊसाहेब निंबाळकर, हिरालाल गायकवाड, माधवसिंह जगदाळे असा संघ उभा राहिला. महायुद्धाच्या काळात डेनिस कॉम्प्टन महूच्या छावणीत होता, तर तोही होळकरांकडून खेळला आणि मुंबईविरुद्धच्या अंतिम सामन्यात नाबाद २४९ करूनही हरला. १९४४-४५ ते १९५४-५५ या ११ मोसमांत होळकर संघ दहा वेळा अंतिम फेरीत होता, चार वेळा विजेता. खोली म्हणजे काय हे बघायचं असेल तर १९४५-४६ चा म्हैसूरविरुद्धचा डाव बघा : ८ बाद ९१२, आणि त्यात सहा जणांची शतकं. सहा! कोणाला बाकावर बसवायचं हा प्रश्न त्या संघालाही पडत असणारच.

संस्थान गेलं, पुढे संघही गेला. होळकरांच्या १९५२-५३ च्या विजेतेपदानंतर या प्रदेशाकडे रणजी आली ती थेट २०२२ मध्ये. ती ज्या पद्धतीने आली, त्यावर मामांचा सगळा सिद्धांत उभा आहे. तो अंतिम सामना बेंगळुरूला मुंबईविरुद्ध होता. वेंकटेश आणि आवेश भारतीय संघाबरोबर, म्हणजे हुकमाचे दोन पत्ते हातात नाहीत. तरी मध्य प्रदेशने ५३६ केल्या. यश दुबे १३३, शुभम शर्मा ११६, पाटीदार १२२. दुसऱ्या डावात कुमार कार्तिकेयने चार बळी घेतले. हा कार्तिकेय उत्तर प्रदेशातला, क्रिकेटसाठी घर सोडलं ते नऊ वर्षं परतला नाही. त्याच मोसमात मुंबई इंडियन्सने त्याला घेतलं होतं, तेही बदली म्हणूनच. ज्याच्या जागी घेतलं तो अर्शद खानही मध्य प्रदेशचाच! २६ जूनला सहा गडी राखून सामना संपला तेव्हा पंडित रडले. १९९९ मध्ये त्याच मैदानावर ते मध्य प्रदेशचे कर्णधार म्हणून अंतिम सामना हरले होते.

‘मुंबईकडे नावं होती, आमच्याकडे पंधरावा माणूस होता,’ हे मामांचं वाक्य मी तेव्हापासून प्रत्येक भेटीत ऐकतोय.

तर १६ डिसेंबर २०२५, मंगळवार. अबू धाबीत लिलाव, इथे दुपारी अडीचपासून ओसरीवर टीव्ही. मी रजा टाकली होती, लॅपटॉप मात्र मांडीवर होता, कारण आमच्या व्यवसायात रजेला तेवढाच अर्थ असतो. कॅमेरॉन ग्रीन २५ कोटी २० लाखांत कोलकात्याला गेला तेव्हा कोणी मान वर केली नाही. वेंकटेशचं नाव आलं आणि मामी स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. कोलकात्याने त्याला सोडलं होतं. बेंगळुरूने सात कोटींत घेतला. म्हणजे आता इंदूरचा माणूस इंदूरच्या कर्णधाराखाली!

आनंद पाच मिनिटं टिकला. मग इस्त्रीवाले काका म्हणाले, ‘पर भिया, खेळवणार कुठे?’ आणि तिथून दोन तास. वर कोहली, सॉल्ट, पडिक्कल, मग पाटीदार स्वतः, जितेश, टिम डेव्हिड, कृणाल. सात कोटींचा माणूस बाकावर? मामेभावाचं म्हणणं, हाच तर शहाणपणा. २०२५ मध्ये पाटीदारच्या बोटाला दुखापत झाली तेव्हा कर्णधारपद कोणी सांभाळलं? अमरावतीच्या जितेश शर्माने, आणि लखनऊला ३३ चेंडूंत नाबाद ८५ करून सामना काढला. पडिक्कल जायबंदी झाला तर मयंक अगरवाल तयार. चषक अकरा जणांनी जिंकलेला नाही. मामांना हे पटत होतं, पण सात कोटी हा आकडा पटत नव्हता. ‘खोली स्वस्तात घ्यायची असते रे. महागडा बाकावर बसला की कुढतो.’ मला विचाराल तर या मुद्द्यावर मी मामांच्या बाजूचा आहे. आमच्या कंपनीतही कामाविना बसवलेले सर्वांत आधी राजीनामा देतात ते महागडेच.

संध्याकाळच्या घाईच्या फेरीत सर्फराज खान चेन्नईला आणि पृथ्वी शॉ दिल्लीला गेले, दोघेही ७५ लाखांत. दोघांनाही आधीच्या फेरीत कोणी हात लावला नव्हता. २०२२ च्या त्या अंतिम सामन्यात शॉ मुंबईचा कर्णधार होता आणि सर्फराजने १३४ केल्या होत्या. मला वाटलं ओसरीवर टाळ्या पडतील. सगळे गप्प होते. मामा एवढंच म्हणाले, ‘मिळालं, बरं झालं. पोरं आहेत.’

आणि तेव्हा माझं लक्ष मामेभावाच्या मुलाकडे गेलं. तो सतरा वर्षांचा, डावखुरा फिरकी टाकतो. आमच्याबरोबर सगळा वेळ बसला होता, पण एका नावावरही बोलला नव्हता. आदल्या आठवड्यात विभागाच्या १९ वर्षांखालील संघाची यादी लागली होती. पंधरा नावं, खाली चार राखीव. हा राखीवांत तिसरा. याची बारावी, जानेवारीत इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा, आणि राखीव माणसाला सरावाला रोज जावंच लागतं.

रात्री दहाला आम्ही सराफ्यात गेलो. सोन्याची दुकानं बंद होतात आणि त्यांच्याच पायऱ्यांपुढे कढया चढतात. गराडू डिसेंबरातच खावा : कंद तळून, वर लिंबू आणि जीरावन, पहिला तुकडा जीभ भाजणारच. तिथे उभ्या उभ्या घरातला खरा लिलाव सुरू झाला. वहिनीचं म्हणणं, वेंकटेशने बी.कॉम. केलं, एम.बी.ए. केलं, बेंगळुरूला चांगली नोकरी हातात होती, मग खेळ निवडला. आधी पदवी, मग बाकी. मामेभाऊ म्हणाला, वेंकटेश फलंदाज आहे, फिरकीवाल्याचे सतरा ते वीस हेच दिवस बोट घडायचे. वहिनी म्हणाली, आणि नाही घडलं तर? दिवसभर पंधराव्या माणसाचे गोडवे गाणारे मामा यावर काहीच बोलले नाहीत. स्वतःच्या घरात तो माणूस असला की हिशेब अवघड होतो, हे त्यांच्या तोंडावर दिसत होतं.

मग सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं, कारण मी बी.ई. आहे आणि बाहेरचा आहे. मी सल्ला दिला नाही. पोरालाच विचारलं, तुला काय वाटतं?

तो म्हणाला, ‘काका, माझ्या वरच्या दोन राखीवांत एकही फिरकीवाला नाही. पंधरांत एकच आहे, आणि त्याचा खांदा दुखतो.’ म्हणजे हा दिवसभर बसून स्वतःच्या संघाची खोली मोजत होता! वहिनीला हसू आवरलं नाही. शेवटी तोड अशी निघाली : जानेवारीची परीक्षा द्यायचीच, पण सकाळचा सराव चुकवायचा नाही. संध्याकाळचा क्लास ऑनलाइन, आणि गणित अडलं तर मला व्हिडिओ कॉल.

तेव्हापासून आठवड्यातून दोनदा रात्री साडेनऊला आमचा कॉल असतो. इंटिग्रेशन अर्धा तास, मग पाच मिनिटं त्या खांदेदुखीवाल्याची खबर. वाईट वाटतं त्याच्याबद्दल, पण विचारतो मी.