लॉन कोणी खाल्लं?

सबमिशन्स संपवून घरी गेले की आधी झोप, मग आईच्या हातचं जेवण आणि मग पुन्हा झोप, असा माझा ठरलेला टाइमटेबल. गेल्या श्रावणात मात्र तो कोलमडला, तो चक्क गवतामुळे!

आमचं घर माजिवड्याला. हायवेवरून घोडबंदर रोड फुटतो, त्या नाक्याजवळ. आजूबाजूला फ्लायओव्हर, धूळ आणि हॉर्न. त्यामुळे सोसायटीचं छोटंसं लॉन म्हणजे सगळ्यांचा जीव की प्राण. गणपतीच्या दूर्वासुद्धा बायका तिथूनच खुडतात. ते लॉन ऐन पावसात वाळल्यासारखं तपकिरी पडलं होतं.

संध्याकाळी मीटिंग झाली. कोणी म्हणालं, खत कमी पडलं. कोणी कुत्र्यांवर घसरलं. मी पडले थर्ड इयरची विद्यार्थिनी, गप्प कशी बसणार? कागदावर झक्कपैकी डायग्राम काढून सांगितलं, "पाणी तुंबतंय. ड्रेनेज चुकलंय." माझं फारच कौतुक झालं. पण पाण्याचा चर खणला होता माळीकाकांनी. म्हणजे दोष त्यांचा! पुढच्या महिन्यापासून दुसरा माळी बघायचं आणि उद्या-परवा जालीम औषध फवारून टाकायचं, असं ठरत आलं. काका कोपऱ्यात उभे राहून ऐकत होते. मला रात्री झोप लागली नाही.

सकाळी सहाला तेच दारात. "ताई, जरा खाली येता?"

लॉनवर साळुंक्यांची शाळा भरली होती. काका म्हणाले, "पक्षी फुकट येत नाहीत." त्यांनी तपकिरी गवत मुठीत धरून ओढलं. ते उपटून आलं नाही. "हुमणी असती तर मुळं तुटून सतरंजीसारखं उचललं गेलं असतं. हे वरून खाल्लंय." खरंच, पात्यांच्या कडा कुरतडलेल्या होत्या. तपकिरी आणि हिरव्याच्या मध्ये एक सरळ रेघ होती, आणि आदल्या दिवसापेक्षा ती पुढे सरकली होती.

"लष्करी अळी," काका म्हणाले.

कॉन्व्हेंटमध्ये आम्ही कॅटरपिलरचं चित्र दरवर्षी रंगवलं. अंडं, अळी, कोष आणि शेवटी हमखास फुलपाखरू. ती मधल्या काळात काय खाते, हे कुणी विचारलंच नाही. काका मुरबाडकडचे, भातशेतीवाले. त्यांच्याकडे ही अळी भाताच्या रोपांवर पडते. मग वाफ्यात पाणी भरून ठेवतात. अळ्या पात्यांवर चढतात आणि पक्षी टिपतात.

आम्ही तेच केलं, फक्त साबण घालून. चार लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन मोठे चमचे घातले आणि हिरव्या-तपकिरीच्या सीमेवर साधारण एक चौरस मीटर जागेत ओतलं. पाच मिनिटांत गवत हलायला लागलं! एका चौरस फुटात मोजल्या, तर अकरा. तीन-चारच्या पुढे गेल्या की उपाय करावाच लागतो. 2018 मध्ये भारतात पहिल्यांदा सापडलेली, मक्यावरची अमेरिकन लष्करी अळी असेल का, म्हणून मोबाइलने झूम करून पाहिलं. तिच्या शेपटीकडे चार ठिपके चौकोनात असतात. आमच्या पाहुण्यांकडे तसे नव्हते. म्हणजे काकांची गाववालीच!

सेक्रेटरी काकांना बादली दाखवली. ते दोन पावलं मागे सरकले आणि म्हणाले, "मग फवारा लवकर!" इथे मात्र मी अडून बसले. संध्याकाळी पोरं तिथे लोळतात, आणि दूर्वा? शेवटी बीटी आणलं. हा एक जिवाणू. अळीने तो खाल्ला की तिचं खाणं बंद होतं. उन्हाने तो निकामी होतो आणि पावसाने धुऊन जातो, म्हणून उघडीप बघून दिवेलागणीला फवारायचा. अळ्याही तेव्हाच जेवायला निघतात (आमच्या मेसच्या वेळेवर अगदी). लहान अळ्यांवर तो छान चालतो. मोठ्या जुमानत नाहीत. त्या काकांनी आणि मी टॉर्च घेऊन वेचल्या आणि साबणाच्या बादलीत टाकल्या. पहिल्या दहा ई... करत, पुढच्या मुकाट्याने. दिव्याच्या खांबावर कापसासारखे केसाळ पुंजके होते, ती अंडी. तीही खरवडली. गवत अगदी बुडख्यापर्यंत कापायचं नाही, हेही ठरलं.

मीटिंगमध्ये माझा डायग्राम चुकीचा होता, हे मी सगळ्यांसमोर सांगितलं. व्हायव्हापेक्षा अवघड गेलं. दुसऱ्या माळ्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

गणपतीला परत गेले, तेव्हा तपकिरी पट्ट्यातून कोवळे हिरवे कोंब आले होते. काकांनी दूर्वांची जुडी हातात दिली. "धुऊन घ्या हां, ताई." मग हसून म्हणाले, "तुमचा तो नकाशा मी ठेवलाय. शेडच्या फटीतून पाणी यायचं, तिथे लावलाय."

"थांबलं का पाणी?"

"नाही."